सुटल्यानंतरचे पंधरा दिवस

‘सुटणं’ हे मराठीतलं मोठं अजब क्रियापद आहे. तुरुंगातून माणूस सुटतो. एखाद्याची दारू सुटते. आणि बरेच दिवस अंथरुणाला खिळलेला कुणी गेला, तर शेजारीपाजारी म्हणतात, ‘सुटला बिचारा.’ बंदिवास संपणं, व्यसन संपणं आणि आयुष्य संपणं, या तिन्हींसाठी आपल्याकडे एकच शब्द आहे. सोलापुरात व्यसनमुक्तीचं समुपदेशन करताना हे तिन्ही अर्थ एकाच माणसाच्या वाट्याला, एकाच पंधरवड्यात येऊ शकतात, हे मी पाहिलं आहे. त्या पंधरवड्याविषयी आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी माझ्या कामाविषयी थोडं सांगतो. मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहीत राहिलो, पुढे समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं आणि या कामात रमलो. तपासणं, औषध देणं हे मानसोपचारतज्ज्ञांचं काम. समुपदेशकाचं काम बोलण्याचं आणि त्याहून जास्त ऐकण्याचं. या शब्दातच ‘उपदेश’ बसलेला असल्यामुळे लोकांना वाटतं, हा माणूस समोरच्याला दारूचे दुष्परिणाम सांगत असणार. पण दारू वाईट असते हे आमच्याकडे येणाऱ्याला आमच्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असतं. त्याचं घर त्यातच गेलेलं असतं.

या मंडळींत काही जण तुरुंगातून नुकतेच बाहेर आलेले असतात. कुणी नशेत मारामारी केलेली असते, कुणी हातभट्टीच्या धंद्यात पकडला गेलेला असतो, कुणावर चोरीचा आरोप असतो. पुढे ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्यांची नावं मी घेणार नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. तुरुंगातून आलेला तो गुन्हेगार, असं आपण धरून चालतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ सालची आकडेवारी सांगते की, देशातल्या तुरुंगांत त्या वर्षअखेरीस ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतली ७५.८ टक्के माणसं कच्चे कैदी होती. म्हणजे चारांतल्या तिघांचा खटला अजून निकाली निघालेला नव्हता. जामीन मिळाला, पण जामीनदार मिळेना, किंवा पैसे भरायला कुणी नाही, म्हणूनही माणसं आत राहतात. तेव्हा गल्लीत ‘तो जेलमधून आलाय’ अशी कुजबुज होते, त्या माणसाला न्यायालयानं दोषी ठरवलेलं नसण्याचीच शक्यता जास्त असते.

आता व्यसनाकडे येऊ. रोज पिणारा माणूस अटक होतो, तेव्हा त्याची दारू एका क्षणात बंद होते. पहिले दोन-तीन दिवस फार जड जातात. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, कुणाला भास होतात, कुणाला फिट येते. या काळात औषधोपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेतू शकतं. हे दिवस निभावले की शरीर हळूहळू सावरतं. सहा-आठ महिन्यांत तब्येत सुधारते, चेहऱ्यावर तेज येतं. मुलाखतीला आलेल्या आईला वाटतं, चला, पोरगं आत गेलं पण दारू तरी सुटली.

इथेच घरच्यांची फसगत होते. आपल्याकडे श्रावण पाळणारे असतात. महिनाभर थेंबाला शिवत नाहीत. आमच्यात रमजानचा महिना निष्ठेनं पाळणारे आणि ईदच्या संध्याकाळी पुन्हा सुरू होणारे असतात. ते खोटं वागतात असं मी म्हणणार नाही. त्यांचा तो महिना खरा असतो. पण त्या महिन्याला चहूबाजूंनी कुंपण असतं. घरचे सांभाळतात, मित्र आग्रह करत नाहीत, शेवटाची तारीख माहीत असते. तुरुंगातली दारूबंदी हा असाच लांबलेला श्रावण आहे. तिथे ‘नको’ म्हणायचा सराव होत नाही, कारण समोर कुणी पेला धरतच नाही. हा सराव सुरू होतो तो फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर.

आणि तेव्हा शरीरात एक धोका दडलेला असतो. रोज पिणाऱ्याच्या शरीराला दारूची सवय झालेली असते. जेवढ्यात तुम्ही-आम्ही बेशुद्ध पडू तेवढं पिऊन तो सायकलवरून घरी येतो. काही महिने दारू बंद राहिली की ही सहनशक्ती उतरते. मनाला मात्र जुनं माप आठवत असतं. मन म्हणतं, ‘आपली तर एवढी असायची.’ जुनं माप नव्या शरीरात गेलं की काय होईल याचा भरवसा नसतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३० हजार २३७ माणसांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या माणसांच्या मृत्यूचा धोका त्याच राज्यातल्या इतर रहिवाशांच्या तुलनेत १२.७ पट निघाला. सगळ्यात मोठं कारण होतं अमली पदार्थांची मात्रा जास्त होणं. त्यात हेरॉइन, कोकेन असे पदार्थ होते. आपल्याकडे प्रामुख्यानं देशी, हातभट्टी, गांजा, झोपेच्या गोळ्या. पदार्थ बदलतो, पण उतरलेल्या सहनशक्तीचा धोका इथेही असतो. दारूवर झोपेच्या गोळ्या घेतल्या तर तो आणखी वाढतो.

पस्तिशीतला एक यंत्रमाग कामगार अकरा महिन्यांनी जामिनावर बाहेर आला. संध्याकाळी फाटकावर घरचं कुणी नव्हतं, कारण सुटकेचा निरोप घरी वेळेत पोचलाच नाही. मित्र मात्र रिक्षा घेऊन हजर होते. त्यांनी प्रेमानंच नेलं, प्रेमानंच पाजलं. तिसऱ्या रात्री तो उताणा झोपला, झोपेत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत अडकली. सकाळी तो उठला नाही. हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. सहा महिन्यांनी ती धाकट्या दिराला घेऊन आमच्याकडे आली होती. म्हणाली, ‘भाऊ, माणसं म्हणत्यात सुटला. मी म्हणते, मग तिथंच असता तर बरं झालं असतं की.’ या बाईला काय उत्तर द्यायचं ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मी तिच्यासाठी चहा मागवला आणि आम्ही दिराविषयी बोलायला लागलो.

शरीरासारखंच जागेचंही आहे. व्हिएतनामच्या युद्धात बरेच अमेरिकी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ते परतल्यावर काय होणार, अशी धास्ती १९७१च्या सुमारास तिथल्या सरकारला पडली. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांचा माग घेतला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात शंभरातले पाचच्या आसपास पुन्हा व्यसनात सापडले. याची कारणं एकाहून जास्त सांगितली जातात, पण एक ठळक आहे. ती छावणी, ते सोबती, ती भीती, तो पुरवठा, सगळं मागे राहिलं होतं. माणूस नव्या जागी आला होता.

आमच्याकडे नेमकं उलटं होतं. माणूस सुटतो आणि थेट जुन्या जागी जातो. तीच गल्ली, कोपऱ्यावर तोच गुत्ता, चकण्याची तीच गाडी, संध्याकाळी त्याच वेळेला हाक मारणारा तोच दोस्त. आठ महिने शांत असलेली तलफ त्या कोपऱ्यावर आल्यावर उसळी मारते. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटतं. ‘चाचा, आत तर कधी आठवण बी येत नव्हती,’ असं मला कितीतरी जणांनी सांगितलं आहे. आत आठवण येत नव्हती, कारण आठवण करून देणारं तिथे काही नव्हतं.

म्हणून सुटकेच्या आधीपासून आमची जुळवाजुळव चालते. पहिला प्रश्न साधा असतो: फाटकावर घ्यायला कोण येणार? जामिनाचा आदेश झाला की कागद पोचून प्रत्यक्ष बाहेर यायला वेळ लागतो. घरच्यांनी वकिलाच्या संपर्कात राहून ती वेळ काढून घ्यायची आणि कितीही उशीर झाला तरी कुणीतरी उभं राहायचं. दुसरा प्रश्न, पहिले काही दिवस दुसरीकडे राहता येईल का? एका मुलाची मावशी बार्शीला होती. त्यानं पहिला महिना तिच्याकडे काढला. न्यायालयाची परवानगी लागत असेल तर वकिलाला विचारून, तारखा सांभाळून हे जमवता येतं. तिसरं, पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवायचं. झोप, रक्तदाब, जुनी औषधं आणि मनात जीव देण्याचे विचार येतात का, हे सगळं तिथे मोकळेपणानं विचारलं जातं.

मग घरातला संसार सुरू होतो आणि तो सोपा नसतो. आत सकाळी बरॅक उघडते, संध्याकाळी बंद होते, गिनती होते, रात्रभर दिवा चालू असतो. बाहेर आल्यावर कितीतरी दिवस माणूस गिनतीच्या वेळेला दचकून उठतो. अंधारात झोप येत नाही. रस्ता ओलांडताना पाय अडतो. दुकानात चार प्रकारचे साबण दिसले तर कुठला घ्यावा ते कळत नाही. घरच्यांना हे विचित्र वाटतं. आम्ही सांगतो की, ही सवय आहे, वेड नाही. थोड्या दिवसांत जाईल. तोवर खोलीत झिरोचा दिवा राहू द्या.

दुसरीकडे, तो नसताना घर थांबलेलं नसतं. सोलापुरात कितीतरी बायका विड्या वळून घर चालवतात. हजार विड्यांमागे जी मजुरी मिळते तिच्यावर तिनं मुलांची शाळा केली, वकिलाची फी भरली, उधारी फेडली. आता तो येतो आणि पहिल्याच दिवशी विचारतो, ‘पैसे कुठंयत?’ त्याला वाटतं, आपण घरचे कर्ते. तिला वाटतं, आतापर्यंत कोण होतं कर्तं? म्हणून आम्ही त्याच्या आधी तिच्याशी बोलतो. तिनं त्याला सांभाळलंच पाहिजे, असं तिला सांगायचा अधिकार आम्हाला नाही. मार खाल्लेल्या बाईला तर मुळीच नाही. तिला काय हवं, किती झेपेल, कुठे मदत मिळेल, एवढंच विचारतो. मुलांचाही प्रश्न असतो. ‘बाबा पुण्याला कामाला गेलेत’ असं सांगितलेलं असतं आणि मुलाला शाळेत खरं काय ते केव्हाच कळलेलं असतं. मुलाशी त्याला समजेल अशा थोडक्या शब्दांत खरं बोललेलं बरं.

आणि आमच्या खोलीत दार लावून काय चालतं? बहुतेक वेळ दोन शब्द वेगळे करण्यात जातो: पश्चात्ताप आणि लाज. ‘मी वाईट काम केलं’ हा पश्चात्ताप. ‘मी वाईटच आहे’ ही लाज. पश्चात्ताप माणसाला कामाला लावतो. मग तो उधारी फेडतो, माफी मागतो, तारखेला हजर राहतो. लाज त्याला लपायला लावते, आणि लपायची सगळ्यात जवळची जागा म्हणजे बाटली. ज्याला कुणी इजा केली आहे त्याची जबाबदारी आम्ही पुसून टाकत नाही. ज्याला मार लागला त्या माणसाचंही घर याच शहरात असतं. पण जबाबदारी घ्यायला माणूस शुद्धीवर तर हवा.

घसरण्याविषयीही आधीच बोलून ठेवतो. अॅलन मार्लट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात या विषयाची नीट मांडणी केली. त्याचं सार असं की, पहिल्या घोटापेक्षा त्या घोटानंतर मनात येणारा विचार जास्त घात करतो. ‘झालं, मोडलंच, आता काय उरलं?’ या एका वाक्यापायी माणूस एका पेल्यावरून आठवडाभराच्या दारूवर जातो. जिन्यावर एका पायरीवरून पाय घसरला तर आपण उरलेल्या पायऱ्यांवरून मुद्दाम गडगडत जात नाही. कठडा धरतो. तो कठडा म्हणजे कुणाला फोन करायचा, कुठे जाऊन बसायचं, पहिल्या पगाराच्या दिवशी कुणासोबत घरी यायचं, हे आधीच ठरवलेलं असणं. तलफ लाटेसारखी असते. चढते, थोडा वेळ टिकते, ओसरते. तेवढ्या वेळापुरता माणूस सोबत हवा.

इथपर्यंतचं काम आमचं, डॉक्टरांचं आणि घरच्यांचं. पुढचं शहराचं आहे, आणि आपल्या शहराला या बाबतीत स्वतःचा इतिहास आहे.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा समाजांतल्या माणसांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तीच आपली सेटलमेंट. रोज हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, कामाला मात्र गिरणीत जायचं. ज्यांची वर्तणूक चांगली ठरे त्यांना कुंपणाबाहेर घर मिळे, आणि त्या वस्तीचं नाव फ्री कॉलनी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा नवा कायदा आला, आणि पत्त्यात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे शब्द आजही आहेत. नोकरीसाठी अर्ज भरताना हा पत्ता लिहावा की मामाचा, असा प्रश्न मला तिथल्या शिकलेल्या मुलांनी विचारला आहे. तार गेली, शिक्का राहिला.

शिक्क्याचं वजन मोजताही येतं. डेव्हा पेजर या अभ्यासिकेनं अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. सारख्या लायकीचे तरुण नोकरी मागायला पाठवले. काहींनी आपण तुरुंगात होतो असं सांगितलं. गोऱ्या तरुणांत ज्याच्यावर डाग नाही त्याला ३४ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणं आलं, डाग सांगणाऱ्याला १७ टक्के. काळ्या तरुणांत हेच आकडे १४ आणि ५. म्हणजे काहीही न केलेला काळा तरुण शिक्षा भोगून आलेल्या गोऱ्याच्याही मागे राहिला. भाड्यानं घर शोधताना नाव सांगितल्यावर ‘कालच दिलं हो’ हे उत्तर ज्यांनी ऐकलं आहे, माझ्यासारख्या त्या माणसांना हे आकडे परके वाटत नाहीत.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्या जवळच आहे. पंढरपूरच्या पलीकडे, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९च्या सुमारास, तेव्हाच्या औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या अभियंत्याच्या पुढाकारानं तिथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. त्याच कल्पनेवर ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. चित्रपट सगळ्यांनी पाहिला, पण त्यामागची युक्ती लक्षात राहिली नाही. तिथे निवडलेले बंदी कुटुंबासह राहतात, शेती करतात, कमावतात. बाहेर पडण्याच्या आधीच बाहेरच्यासारखं जगायचा सराव होतो. बायको, पैसा, काम, शेजार, या गोष्टी एका दिवसात अंगावर कोसळत नाहीत. पंधरा दिवसांचा कडा तिथे उतार होऊन जातो.

प्रत्येकाला स्वतंत्रपूर मिळणार नाही. पण असा उतार शहरातही बांधता येतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि सुटून आलेल्या माणसांसोबत काम करतो आहे. आपल्या जिल्ह्यात २०२१ साली ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. हातभट्टीच्या तांड्यांवर नुसत्या धाडी न घालता तिथल्या माणसांशी बोलणं, त्यांना दुसरा धंदा उभा करून देणं, हा त्यातला विचार होता. भट्टी मोडायला एक सकाळ पुरते, दुसरी रोजी उभी करायला वर्ष लागतं, हे त्यातून पुष्कळांना कळलं.

ज्यांच्या घरी आज कुणी आत आहे, त्यांनी काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी १४४४६, मनाच्या आजारासाठी आणि जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६, कायद्याच्या मोफत मदतीसाठी १५१०० हे सरकारी क्रमांक आहेत. सुटून आलेल्यानं पुन्हा प्यायली आणि तो उठवूनही उठत नसेल, श्वास घरघरत असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि १०८ ला फोन करा.

आणि ज्यांचे माग आहेत, हॉटेलं आहेत, टॉवेलच्या पॅकिंगची कामं आहेत, त्यांना एक विनंती. बार्शीला महिना काढून आलेला तो मुलगा परतल्यावर सात ठिकाणी काम मागत फिरला. सगळीकडे तो आपणहून सांगत होता, मी आत होतो. आठव्या ठिकाणच्या मालकानं विचारलं, ‘पॅकिंग येतं का?’ तो म्हणाला, ‘नाही, पण शिकतो.’ मालक म्हणाला, ‘मग उद्या आठला ये. डबा घेऊन ये.’ त्या मुलाचा खटला अजून चालू आहे, तारखेला तो सुट्टी घेतो, अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. तक्रार नाही. दर महिन्याला एकदा तो माझ्याकडे येतो. परवा आला तेव्हा त्यानं दारूचा विषय काढलाच नाही, टॉवेलच्या गठ्ठ्याला दोरी कशी बांधायची ते मला अर्धा तास दाखवत बसला.